बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. आता क्रेडिटवर: ॲडमिशनपासून पदवीपर्यंत काय काय बघायचं

महाराष्ट्रातल्या स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि विद्यापीठांना संलग्न असलेल्या बाकीच्या महाविद्यालयांत २०२४-२५ पासून राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाप्रमाणे पदवीचे अभ्यासक्रम सुरू झाले. तेव्हापासून ॲडमिशनच्या दिवसांत आम्हा शिक्षकांच्या टेबलासमोर पालक येतात आणि विचारतात, "सर, पण बी.ए. म्हणजे नक्की किती वर्षं? तीन की चार?" प्रश्न रास्त आहे. पण त्याच्याआधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: किती क्रेडिट (म्हणजे शिकण्याच्या तासांवर मोजलेले अभ्यासाचे एकक), आणि कुठल्या खात्यातली, म्हणजे मुख्य विषय, भाषा, कौशल्य अशा कुठल्या गटातली? कारण सहा सेमिस्टर पास झालात आणि एखाद्या खात्यात दोन क्रेडिट कमी पडले, तर पदवी अडते. हा हिशेब कॉलेज ठेवतं, विद्यापीठ ठेवतं, तरी तो स्वतःच्या वहीत मांडून ठेवावा असं माझं ठाम मत आहे. कसा, ते सांगतो.

हे सगळं कला, वाणिज्य, विज्ञान या सर्वसाधारण पदव्यांबद्दल आहे. मेडिकल आणि लॉ यांचे नियम त्यांच्या शिखर संस्था ठरवतात. बीबीए, बीसीए, बीएमएस हे २०२४-२५ पासून एआयसीटीई या तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत गेले आणि त्यांच्यासाठी राज्याची वेगळी सीईटी सुरू झाली. कॉलेजच्या जाहिरातीत 'बी.कॉम. मॅनेजमेंट स्टडीज' असं दिसलं, तर तो बीएमएस नव्हे. अभ्यासक्रम मिळताजुळता असेल, पण प्रमाणपत्रावर बी.कॉम. लिहून येणार, हे आधीच समजून घ्या.

एकूण बेरीज

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० आणि चार वर्षांच्या ऑनर्सला किमान १६० क्रेडिट आहेत. महाराष्ट्रानं दर सेमिस्टरला २० ते २२ अशी मुभा ठेवली आणि मुंबई-पुण्यासह अनेक विद्यापीठांनी २२ चा आकडा धरला. म्हणजे वर्षाला ४४, तीन वर्षांत १३२, चार वर्षांत १७६.

एक क्रेडिट म्हणजे लेक्चरचे १५ तास किंवा प्रॅक्टिकलचे ३० तास. बहुतेक विद्यापीठांत दोन क्रेडिटचा पेपर ५० गुणांचा आणि चारचा १०० गुणांचा असतो. गुण इंटरनल आणि लेखी परीक्षा असे विभागलेले असतात, आणि अनेक ठिकाणी दोन्हीत वेगवेगळं पास व्हावं लागतं. इंटरनल बुडवून लेखीत भरपूर मार्क काढू हा जुना हिशेब इथे चालत नाही.

खाती कुठली

मुंबई विद्यापीठाचं पहिलं सेमिस्टर उघडून बघू. २२ क्रेडिटची वाटणी अशी: मेजरचे ६, ओपन इलेक्टिव्ह म्हणजे ओईचे ४, आणि मग व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस, सीसी यांचे प्रत्येकी २. पहिल्यांदा बघणाऱ्याला ही अक्षरं म्हणजे रेल्वेचे स्टेशनकोड वाटतात. प्रत्येकाचं काम मात्र वेगळं आहे.

मेजर हा तुमचा मुख्य विषय. साधारण निम्मी पदवी हाच व्यापतो. मायनर हा दुसरा विषय, तीन वर्षांत मिळून साधारण १८ ते २० क्रेडिटचा. तो मेजरच्याच शाखेतला असू शकतो किंवा अगदी दुसऱ्या शाखेतलाही. ओईचं उलट आहे: तो मेजरच्या शाखेबाहेरचाच घ्यावा लागतो. बी.ए. अर्थशास्त्रवाल्याला राज्यशास्त्राचा ओई चालणार नाही, विज्ञान किंवा वाणिज्य शाखेतला लागेल. एकूण १० ते १२ क्रेडिट.

व्हीएससी म्हणजे मेजरशी जोडलेलं व्यावसायिक कौशल्य. भूगोलवाल्याला नकाशे आणि जीआयएस, रसायनशास्त्रवाल्याला पाणी किंवा मातीचं पृथक्करण, अशा धर्तीचं. एसईसी हेही कौशल्यच, पण त्याला मेजरची अट नाही. एईसी म्हणजे भाषा, इंग्रजी आणि एक भारतीय भाषा मिळून ८ क्रेडिट. व्हीईसीमध्ये पर्यावरण, भारतीय राज्यघटना अशा स्वरूपाचे पेपर, ४ क्रेडिट. आयकेएस म्हणजे भारतीय ज्ञानप्रणाली, २ क्रेडिट. सीसीत एनएसएस, एनसीसी, खेळ, योग, सांस्कृतिक काम, एकूण ८ क्रेडिट. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात यात आणखी तीन खाती येतात: फील्ड प्रोजेक्ट, सामाजिक उपक्रमाचा सीईपी आणि ओजेटी, म्हणजे कामाच्या जागी जाऊन घ्यायचं प्रशिक्षण.

सगळ्यांत दुर्लक्ष होतं ते सीसीकडे. पूर्वी एनएसएसचं शिबिर म्हणजे हौस होती, जास्तीत जास्त दहा ग्रेस मार्कांची आशा. आता ते पदवीच्या बेरजेतले क्रेडिट आहेत. हजेरी आणि अहवाल दिला नाही, तर गुणपत्रिकेत तिथे भोक पडतं, आणि ते भरायला पुन्हा त्या सेमिस्टरची वाट बघावी लागते.

पायरी पहिली: आयडी आणि नाव

प्रवेश घेण्याआधीच ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा आयडी काढा. डिजिलॉकरमध्ये आधारनं लॉगिन करून तो मिळतो, १२ अंकी असतो. शाळेत अपार आयडी (विद्यार्थ्याचा कायमचा ओळख क्रमांक) निघाला असेल तर तोच चालतो, दुसरा काढू नका. या बँकेत तुम्हाला स्वतःला काही भरता येत नाही. विद्यापीठ निकाल लावून क्रेडिट चढवतं आणि तुम्ही फक्त बघता. म्हणून दर निकालानंतर महिन्या-दोन महिन्यांनी लॉगिन करून क्रेडिट आले का ते बघत जा.

न येण्याचं सर्वांत सामान्य कारण नाव. बारावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर नाव आधी. एकीकडे वडिलांचं नाव पूर्ण, दुसरीकडे आद्याक्षर. लग्नानंतर बदललेलं आडनाव. आधी आधार दुरुस्त करा, मग बाकीचं. आणि आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू ठेवा. रिचार्ज संपलेल्या जुन्या नंबरवर ओटीपी जातो आणि पोरं सायबर कॅफेत तिष्ठत बसतात.

पायरी दुसरी: विषय निवडणं

इथे मी जरा थांबणार आहे, कारण बहुतेक गोंधळ इथेच होतो.

मेजर कधी ठरतो हे विद्यापीठागणिक वेगळं आहे. मुंबईत पहिल्या सेमिस्टरपासून मेजर ठरलेला असतो आणि मायनर दुसऱ्या सेमिस्टरला सुरू होतो. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठाच्या २०२४ पॅटर्नमध्ये बी.एस्सी.ला पहिल्या वर्षी तीन विषय सारख्याच वजनाचे असतात. दुसऱ्या वर्षाला जाताना त्यातला एक मेजर, एक मायनर, आणि तिसरा सुटतो. या रचनेत पहिल्या वर्षी तीनही विषय मन लावून करा. एखादा विषय 'तिसरा' म्हणून आधीच बाजूला टाकला आणि वर्षअखेरीस तोच आवडला, किंवा ज्याला मेजर करायचं त्याच्या जागाच भरल्या, असं होऊ शकतं.

विषयांच्या यादीला विद्यापीठात बास्केट म्हणतात. वेबसाइटवरचं ओईचं बास्केट बघून हरखून जाऊ नका. त्यात पन्नास नावं असतील. तुमच्या कॉलेजात त्यातली तीन-चारच शिकवली जातील, कारण कॉलेजात जे शिक्षक आहेत तेच ती शिकवणार. म्हणून माहितीपुस्तकाऐवजी चालू वर्षाचं वेळापत्रक मागा. नोटीस बोर्डावर लागलेलं असतं, फोटो काढता येतो. त्यात ज्या ओईचा तास दिसतो तोच खरा. मायनरचंही तसंच: 'आमच्याकडे मानसशास्त्र मायनरला आहे' असं सांगितलं, तर ते सहाव्या सेमिस्टरपर्यंत चालणार का आणि पूर्णवेळ शिक्षक आहेत की तासिका तत्त्वावरचे, एवढं तरी विचारा. तासिका तत्त्वावरचे शिक्षक वाईट शिकवतात असं मुळीच नाही. पण त्यांच्या नेमणुका लांबल्या की सेमिस्टर अर्धं रिकामं जातं, हे प्रत्येक स्टाफरूमला माहीत आहे.

निवडताना पुढचा रस्ता डोळ्यांसमोर ठेवा. बी.एड. करून शिक्षक व्हायचं असेल तर मेजर-मायनरपैकी एक तरी शाळेत शिकवला जाणारा विषय हवा. एम.ए. किंवा एम.एस्सी. ज्या विषयात करायचं, तो मेजर असणं सोयीचं. मायनरवर कुठे प्रवेश मिळतो ते त्या त्या विभागाकडे आधी विचारून घ्या. सीएच्या वाटेवर असाल तर लक्षात ठेवा, की वाणिज्य पदवीधराला ५५ टक्के आणि इतरांना ६० टक्के असतील तर इंटरमीजिएटला थेट प्रवेश मिळतो. एमपीएससी-यूपीएससीला कुठलीही मान्य पदवी चालते, तीन वर्षांची पुरते. तिथे मायनर वैकल्पिक विषयाच्या जवळचा घेतला तर दुहेरी फायदा.

आणि मित्राबरोबर एकाच बाकावर बसता यावं म्हणून ओई घेऊ नका. सेमिस्टर दोन महिन्यांतच संपत आल्यासारखं होतं, तो ग्रेड मात्र गुणपत्रिकेवर कायमचा.

पायरी तिसरी: सीजीपीए समजून घेणं

ग्रेडचे गुण असे: ओ म्हणजे १०, ए प्लस ९, ए ८, बी प्लस ७, बी ६, सी ५, पी ४, आणि नापास शून्य. एसजीपीए म्हणजे एका सेमिस्टरची सरासरी, सीजीपीए म्हणजे आतापर्यंतच्या सगळ्या सेमिस्टरची मिळून. एसजीपीए काढताना प्रत्येक पेपरचे क्रेडिट गुणिले ग्रेड पॉइंट, सगळ्यांची बेरीज, भागिले एकूण क्रेडिट.

समजा एकीला पहिल्या सेमिस्टरला असे ग्रेड मिळाले: मेजरच्या चार क्रेडिटच्या पेपरला ए, दोनच्या पेपरला बी प्लस, ओईच्या चार क्रेडिटना ए प्लस, व्हीएससी ए, एसईसी ओ, एईसी बी, व्हीईसी ए, आयकेएस ए प्लस, सीसी ओ. गुणाकार ओळीनं: ३२, १४, ३६, १६, २०, १२, १६, १८, २०. बेरीज १८४. भागिले २२, म्हणजे ८.३६.

आता गंमत बघा. तिनं मेजरच्या मोठ्या पेपरला ए ऐवजी ए प्लस मिळवला असता, तर एसजीपीए ८.५५ झाला असता. एईसीत बी ऐवजी बी प्लस मिळवला असता तर ८.४५. मेहनत एका ग्रेडचीच, पण चार क्रेडिटच्या पेपरात ती दुप्पट भरते. अभ्यासाचे तास याच प्रमाणात वाटा. दुसरी बाजू अशी की व्हीईसी, आयकेएस, सीसी अशा दोन-दोन क्रेडिटच्या पेपरांना मुलं हसण्यावारी नेतात. वरच्या उदाहरणात दोन-दोनचे सहा पेपर मिळून १२ क्रेडिट होतात, मेजरच्या दुप्पट. पहिल्या वर्षाचा सीजीपीए तेच ठरवतात.

सीजीपीएचे टक्के करताना नेटवरचं कुठलंही सूत्र वापरू नका. विद्यापीठागणिक सूत्र वेगळं असतं, आणि नोकरीच्या अर्जात तुमच्याच विद्यापीठाच्या अध्यादेशातलं किंवा गुणपत्रिकेच्या मागे छापलेलं लागतं.

केटी, म्हणजे राहिलेले विषय घेऊन पुढच्या वर्षाला जाणं, याबद्दल थोडक्यात: पहिल्याचे विषय राहिले तरी ठरावीक क्रेडिटपर्यंत दुसऱ्या वर्षाला जाता येतं, पण तिसऱ्याला जायला पहिलं वर्ष पूर्ण सुटलेलं असावं, अशी साधारण रीत आहे. तुमच्या विद्यापीठाचा अचूक आकडा परीक्षा विभागाच्या परिपत्रकात मिळेल. सीनियर सांगतात तो बहुधा जुन्या पॅटर्नचा असतो.

बाहेरून क्रेडिट आणणं

स्वयम या सरकारी ऑनलाइन पोर्टलवरचे कोर्स करून त्यांचे क्रेडिट पदवीत धरता येतात. आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सेमिस्टरच्या ४० टक्क्यांपर्यंत. त्यातल्या एनपीटीईएल या आयआयटींच्या उपक्रमाचा १२ आठवड्यांचा कोर्स ३ क्रेडिटचा, ८ आठवड्यांचा २ क्रेडिटचा. शिकणं फुकट, परीक्षेला फी. प्रमाणपत्रासाठी असाइनमेंटमध्ये २५ पैकी किमान १० आणि परीक्षेत ७५ पैकी किमान ३० लागतात.

क्रम मात्र चुकवू नका. आधी विभागप्रमुखांकडून लेखी परवानगी घ्या, हा कोर्स कुठल्या पेपरच्या जागी धरणार ते त्यात लिहून घ्या, मग नोंदणी करा. आधी प्रमाणपत्र आणून मग 'हे धरा ना सर' म्हणण्यानं काम होत नाही. विषय जुळतो का, क्रेडिट जुळतात का, आणि निकाल परीक्षा विभागाच्या मुदतीत येतो का, हे तिन्ही पाहिलं जातं. ओईसाठी ही वाट उत्तम आहे, विशेषतः तालुक्याच्या कॉलेजात, जिथे एकच शाखा चालते आणि बाहेरच्या शाखेचा विषय शिकवायला कोणी नसतं.

कॉलेज किंवा विद्यापीठ बदलायचं असेल तर ॲकॅडमिक बँकेतले क्रेडिट बरोबर येतात. पण पदवी देणाऱ्या संस्थेतूनच किमान निम्मे क्रेडिट घेतलेले असावे लागतात, आणि क्रेडिटचं आयुष्य जास्तीत जास्त सात वर्षं.

मध्येच थांबावं लागलं तर

घरची अडचण, नोकरी, लग्न, आजारपण. पहिल्या वर्षानंतर थांबलात तर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका. पण नुसतं थांबून ती मिळत नाही. त्या वर्षाचे सगळे क्रेडिट हातात हवेत आणि वर ४ क्रेडिटचा व्यावसायिक कोर्स किंवा इंटर्नशिप पूर्ण करायची असते, बहुधा उन्हाळ्याच्या सुट्टीत. तीन वर्षांच्या आत परत येऊन सात वर्षांच्या आत पदवी पुरी करता येते.

माझं मत विचाराल तर एका वर्षाच्या प्रमाणपत्राला बाजारात आज फारशी किंमत नाही. ही सोय परत येण्याचं दार उघडं ठेवण्यासाठी वापरा. जाताना कॉलेजच्या कार्यालयात रीतसर अर्ज देऊन, पोच घेऊन जा.

नोकरी करतच शिकायचं असेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे, इग्नू आहे, मुंबई विद्यापीठाचं दूर व ऑनलाइन शिक्षण केंद्र आहे. आयोगाची मान्यता असलेली मुक्त पद्धतीची पदवी नोकरीला आणि पुढच्या शिक्षणाला नियमित पदवीच्या बरोबरीची धरली जाते. प्रवेशाआधी त्या वर्षी त्या अभ्यासक्रमाला मान्यता आहे ना, ते आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर बघा आणि तिथेच डीईबी आयडी काढा. त्याच्याशिवाय आता प्रवेश होत नाही. एप्रिल २०२२ पासून दोन पदव्या एकाच वेळी करायलाही परवानगी आहे. दोन्ही नियमित असतील तर तासांच्या वेळा एकमेकांवर येता कामा नयेत. एक नियमित आणि एक मुक्त ही जोडी जास्त झेपते.

ओजेटी: ऐन वेळी धावपळ नको

ओजेटीचे ४ क्रेडिट बहुतेक ठिकाणी तिसऱ्या वर्षात, सहसा सहाव्या सेमिस्टरला असतात. क्रेडिटला ३० तास, म्हणजे १२० तास प्रत्यक्ष काम. रोज सहा तास धरले तर वीस दिवस. पुण्या-मुंबईत जागा सापडते. बाकी ठिकाणी कल्पकता लागते. सहकारी पतसंस्था, बाजार समिती, कर सल्लागाराचं ऑफिस, दूध संघाची प्रयोगशाळा, स्थानिक वर्तमानपत्र, ग्रंथालय, ग्रामपंचायत: मेजरशी धागा जुळत असेल तर कॉलेज सहसा मान्य करतं. पाचव्या सेमिस्टरच्या दिवाळीतच जागा बघून ठेवा. काम सुरू करण्याआधी कॉलेजचं पत्र न्या, रोज काय केलं ते दोन ओळींत लिहा आणि त्या त्या आठवड्यात सही-शिक्का घ्या. शेवटी एकदम सह्या घ्यायला गेलात की साहेब रजेवर असतात.

चौथं वर्ष करावं का?

करायलाच हवं असं नाही. १३२ क्रेडिटवर पदवी मिळते आणि ती पूर्ण पदवी आहे. चौथ्या वर्षाचे दोन प्रकार: ऑनर्स, आणि रिसर्चसह ऑनर्स. दुसऱ्यासाठी पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये ७५ टक्के लागतात आणि त्यात १२ क्रेडिटचा संशोधन प्रकल्प असतो.

हिशेब असा मांडा. तीन वर्षांनंतर एम.ए. दोन वर्षांचं, चार वर्षांनंतर एक वर्षाचं. एकूण वर्षं तेवढीच. फायदा तेव्हा, जेव्हा थेट पीएच.डी.कडे जायचं असेल, कारण चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के असतील तर एम.ए. न करताही पीएच.डी.ला पात्र होता येतं आणि राखीव प्रवर्गांना त्यात ५ टक्के सवलत आहे. किंवा परदेशी मास्टर्सला जायचं असेल. अमेरिकेतली अनेक विद्यापीठं सोळा वर्षांचं शिक्षण मागतात, आणि बारा अधिक चार म्हणजे सोळा. बँकेची, पोलिसभरतीची, स्पर्धा परीक्षेची तयारी असेल तर चौथं वर्ष फी आणि वेळ दोन्ही खातं.

संलग्न कॉलेजांत २०२४-२५ ला आलेली तुकडी चौथ्या वर्षाला २०२७-२८ मध्ये पोहोचणार. तुमच्या कॉलेजात त्या विषयाचं चौथं वर्ष मंजूर आहे का, रिसर्चसाठी विद्यापीठमान्य मार्गदर्शक आहेत का, हे पाचव्या सेमिस्टरलाच विचारा. नसेल तर कुठल्या कॉलेजात जायचं ते शोधायला वेळ मिळतो.

शेवटचा परीक्षा अर्ज भरण्याआधी

सगळ्या गुणपत्रिका समोर घेऊन एक तक्ता करा. उभ्या रकान्यांत खाती, आडव्या ओळींत सहा सेमिस्टर. आडवी बेरीज प्रत्येकी २२ (किंवा तुमच्या विद्यापीठाचा जो आकडा असेल तो) यायला हवी आणि उभी बेरीज विद्यापीठाच्या रचनेत त्या खात्याला दिलेल्या आकड्याएवढी. एकूण १३२ भरले पण ओईत दोन जास्त आणि एईसीत दोन कमी, तर चालत नाही. फरक दिसला तर तो तक्ता, गुणपत्रिकांच्या झेरॉक्स आणि अर्ज घेऊन परीक्षा विभागात जा, पोच घ्या. निकालानंतर पदवी प्रमाणपत्रासाठी अनेक विद्यापीठांत दीक्षान्त समारंभाचा अर्ज वेगळा भरावा लागतो. त्यात नाव देवनागरीतही विचारतात. ऱ्हस्व-दीर्घ नीट तपासून टाका, नंतर दुरुस्तीला फी आणि प्रतिज्ञापत्र दोन्ही लागतात.